बेंबीचं रक्त थांबत नाही आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल

बाळाची नाळ पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत वाळते आणि गळून पडते. पडताना झबल्याला रक्ताचा एखादा ठिपका लागतो, कधी दोन लागतात. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण एखाद्या घरात वेगळंच घडतं. रक्त थांबतच नाही. दुपटं बदललं की तासाभराने पुन्हा ओलं. दाबून धरलं की थांबल्यासारखं वाटतं आणि रात्री परत सुरू होतं. मग कोणी हळद भरतं, कोणी राख लावतं. दोरा सैल बांधला म्हणून नर्सताईला बोल लावला जातो, आणि काही घरांत बाळंतिणीच्या खाण्यापिण्यावर खापर फुटतं. आज आम्ही या रक्ताबद्दल बोलणार आहोत.

आधी नेहमीच्या कारणांचं सांगतो. नाळेचा चिमटा किंवा दोरा सैल असू शकतो. बेंबीत जंतूंची लागण झालेली असू शकते. बाळाला के जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं. हे जीवनसत्त्व रक्त गोठायला लागतं आणि जन्मलेल्या बाळात ते फार थोडं असतं. म्हणून दवाखान्यात बाळ जन्मल्याबरोबर त्याच्या मांडीत के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. बाळंतपण घरी झालं असेल तर ते राहून जातं. त्यामुळे बेंबीतून रक्त येतंय म्हटल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "ते इंजेक्शन दिलं होतं का?" बरोबरच विचारतात.

पण इंजेक्शन दिलं आहे, दोरा घट्ट आहे, बेंबी लाल नाही, तिला घाण वास नाही, आणि तरीही रक्त येतंय. रक्त तपासलं तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. इथे एका दुर्मीळ आजाराची आठवण कोणाला तरी व्हायला हवी. त्याचं नाव फॅक्टर थर्टीनची कमतरता. मराठीत रक्त गोठवणाऱ्या तेराव्या घटकाची उणीव म्हणता येईल, पण डॉक्टरांशी बोलताना 'फॅक्टर थर्टीन' हेच शब्द वापरा, कारण केसपेपरवर तेच लिहिलं जातं.

किती दुर्मीळ? जगभरात साधारण वीस लाख माणसांत एक, असं धरतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. या हिशेबाने अख्ख्या राज्यात पन्नास-साठ माणसं. जिथे नात्यात लग्नं होतात तिथे हे प्रमाण जास्त असतं, त्याबद्दल पुढे बोलूच. तुम्ही म्हणाल, पन्नास-साठ माणसांसाठी एवढी उठाठेव कशाला? कारण या आजारात न ओळखलेलं मूल मेंदूतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतं, आणि ओळखलेलं मूल महिन्यातून एकदा औषध घेऊन शाळेत जाऊ शकतं. दोन्हींत एवढं अंतर फार थोड्या आजारांत असतं. शिवाय आम्ही आज जे प्रश्न विचारायला सांगणार आहोत, त्याच प्रश्नांतून हिमोफिलियासारखे, याच्यापेक्षा कितीतरी जास्त आढळणारे रक्तस्रावाचे आजारही सापडतात.

आता रक्त गोठतं कसं ते पाहू. विळीवर बोट कापलं की आधी प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी जखमेच्या तोंडाशी जमतात. मग रक्तातले गोठवणारे घटक एकामागून एक जागे होतात. त्यांना आकडे दिले आहेत, एक ते तेरा. त्यात सहावा नाही. पूर्वी एकाला तो आकडा दिला होता, तो वेगळा घटक नाही हे कळल्यावर आकडा रिकामाच राहिला. एकाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत शेवटी फायब्रिन नावाचे बारीक धागे तयार होतात. या धाग्यांची जाळी जखमेवर बसते आणि तिच्यात रक्त अडकून गुठळी होते.

इथवरचं काम म्हणजे कच्चा टाका. ब्लाऊज शिवताना आपण आधी कापड टाचून घेतो. दिसायला ते जोडलेलं दिसतं. पण तसंच अंगात घालून कामाला लागलो तर दुपारपर्यंत उसवेल. त्यावर मशीन मारावी लागते, तेव्हा शिवण पक्की होते. फॅक्टर थर्टीन हे मशीन मारायचं काम करतो. फायब्रिनचे धागे तो एकमेकांना आडवे-उभे कायमचे जोडतो, त्यामुळे गुठळी टिकते आणि तिच्या आधाराने खालची जखम भरून येते. अंधेरीजवळच्या वर्सोव्यात कोळी बांधव जाळी दुरुस्त करत बसलेले दिसतात. तिथेही तेच. नुसते दोरे एकमेकांवरून नेले तर जाळं होत नाही, प्रत्येक ठिकाणी गाठ पडावी लागते.

ज्याच्या रक्तात हा तेरावा घटक नाही, त्याची गुठळी होते, वेळेवर होते, आणि मग उसवते. आजाराची सगळी लक्षणं यातून निघतात. रक्तस्राव लगेच न होता उशिरा होतो. मूल पडलं, खरचटलं, थोडं रक्त आलं, थांबलं. सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी, कधी बारा तासांनी, कधी छत्तीस तासांनी त्याच जागेतून पुन्हा रक्त. दात काढला, डॉक्टरांनी कापूस धरायला लावला, रक्त थांबलं म्हणून घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी उशी भिजली. थांबलेलं रक्त परत सुरू होणं ही खूण ध्यानात ठेवा. आमच्या मते आजच्या भाषणातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे.

ज्यांच्यात हा घटक जवळजवळ नसतोच, अशा शंभर जणांपैकी सुमारे ऐंशी जणांना जन्मानंतर बेंबीतून रक्त गेलेलं असतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे दिसतं. पुढे मूल रांगायला, चालायला लागलं की अंगावर मोठमोठे काळेनिळे डाग उठतात, कातडीखाली रक्त साकळून टेंगळं येतात. इंजेक्शनच्या जागी, लसीच्या जागी गाठ येते आणि वाढत जाते. जखमा लवकर भरत नाहीत आणि भरल्या तरी वण ओबडधोबड राहतो. जीभ चावली किंवा ओठ फुटला की चार-चार दिवस रक्त झिरपत राहतं. हिमोफिलियात गुडघ्या-कोपरात रक्त साचून सांधे सुजतात, तसं इथे कमी होतं, पण होऊ शकतं.

सर्वांत मोठी भीती डोक्यातल्या रक्तस्रावाची. अशा शंभरातल्या सुमारे तीस जणांना आयुष्यात कधीतरी मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्तस्राव होतो. रक्तस्रावाच्या इतर कोणत्याही आजारात हे प्रमाण एवढं मोठं नाही. त्याला मोठा मार लागतेच असं नाही. खाटेवरून पडणं, दाराची चौकट लागणं एवढंही पुरतं, आणि कधी तर काहीच लागलेलं नसतं. तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं, सारखं ओकतंय, किरकिरून एकदम मलूल पडलं, टाळू वर आलेली दिसते, डोळे फिरवले, झटका आला, तर बाहेरची बाधा काढत बसू नका. मोठ्या मुलाचं डोकं सतत दुखतंय, उलट्या होत आहेत, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात-पाय ढिला पडलाय, तर तो तासही मोजायचा आहे. ज्या घरात हा आजार माहीत आहे, तिथे डोक्याला मार लागल्यावर मूल खेळतंय, हसतंय म्हणून थांबायचं नाही. मशीन न मारलेली शिवण उद्या उसवते.

आता आपल्या, म्हणजे बायकांच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टी. हिमोफिलिया मुख्यतः मुलग्यांना होतो, त्यामुळे 'रक्त न थांबण्याचा आजार पुरुषांचा' असं खेडोपाडीच काय, शहरातही बोललं जातं. फॅक्टर थर्टीनची उणीव मुलीला आणि मुलाला सारखीच होते. मुलगी वयात आली की पाळीत अंगावरून फार जातं. आठ-आठ दहा-दहा दिवस जातं, गाठी पडतात, रक्त कमी होऊन ती पांढरीफटक दिसते, आणि घरच्या म्हणतात, "आमच्या घराण्यात असंच असतं." काही मुलींच्या दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज बाहेर पडतं त्या वेळी, पोटात रक्तस्राव होतो. ओटीपोटात असह्य कळ येते. ती अपेंडिक्सची समजून पोट उघडण्याची वेळही येऊ शकते.

आणि गर्भपात. बाईला हा घटक जवळजवळ नसेल आणि उपचार चालू नसेल तर गर्भ राहतो पण टिकत नाही. वार गर्भाशयाच्या भिंतीला धरून बसण्याची जी जागा, तिथेही फॅक्टर थर्टीनचं जोडकाम लागतं. ते झालं नाही की पहिल्या दोन-तीन महिन्यांत, बहुतेकदा पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास रक्त जायला लागतं आणि गर्भ पडतो. पुन्हा दिवस जातात, पुन्हा पडतो. अशा बाईला काय काय ऐकावं लागतं हे इथे सांगायची गरज नाही. उपास, अंगारे, कोणाची नजर, शेवटी दुसऱ्या लग्नाची बोलणी. आम्ही हे स्पष्ट सांगतो की वारंवार होणाऱ्या बहुतेक गर्भपातांची कारणं वेगळी असतात आणि हा आजार त्यांत अगदी क्वचित निघतो. पण तीन गर्भपात झालेल्या बाईला एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत: लहानपणी तुझ्या बेंबीतून रक्त गेलं होतं का? तिला स्वतःला माहीत नसेल. तिच्या आईला विचारा. आया ही गोष्ट विसरत नाहीत.

रिपोर्ट नॉर्मल का येतात, हेही समजून घेऊ. रक्त न थांबण्याची तक्रार घेऊन गेलं की दवाखान्यात प्लेटलेट मोजतात आणि पीटी, एपीटीटी नावाच्या दोन तपासण्या करतात. या दोन्हींत रक्ताची गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते पाहतात. गुठळी झाली की घड्याळ बंद. म्हणजे कच्चा टाका पडला की नाही एवढंच त्यांत दिसतं, पुढे मशीन मारली गेली का ते दिसत नाही. म्हणून फॅक्टर थर्टीन अजिबात नसलेल्या मुलाचेही हे तीनही रिपोर्ट नॉर्मल येतात. रिपोर्ट खोटा नसतो. तो प्रश्नच दुसरा विचारतो.

या आजाराची पहिली तपासणी गमतीची आहे. मुलाच्या रक्ताची गुठळी करतात आणि ती युरियाच्या पाण्यात टाकून ठेवतात. होय, युरियाच, जो आपण भाताला घालतो. प्रयोगशाळेत तो शुद्ध आणि फार कडक प्रमाणात असतो. निरोगी माणसाची गुठळी त्यात चोवीस तासांनंतरही तशीच राहते. फॅक्टर थर्टीन नसेल तर गुठळी विरघळून जाते. तपासणी स्वस्त आहे, मोठं यंत्र लागत नाही. पण घटक जवळजवळ शून्य असेल तरच ती पकडते. थोडासा असेल तर निसटते. म्हणून नंतर तो घटक नेमका किती टक्के आहे हे मोजणारी दुसरी तपासणी करावी लागते.

इथे एक गोष्ट फार जपायची आहे. तपासणीचं रक्त शक्यतो रक्त किंवा प्लाझ्मा चढवण्याच्या आधी काढून घ्यायला हवं. फॅक्टर थर्टीन शरीरात बरेच दिवस टिकतो. दुसऱ्याचं रक्त चढलं की त्यातला घटक मुलाच्या अंगात आला, आणि मग काही आठवडे तपासणी फसवते. बाळाचा जीव धोक्यात असेल तर अर्थातच आधी जीव. पण सुई टोचलेलीच असते, त्याच वेळी एक बाटली काढून ठेवता येते. "डॉक्टर, चढवण्याआधी फॅक्टर थर्टीनसाठी रक्त काढता येईल का?" एवढं विचारायला संकोच करू नका.

हे मोजून मिळतं कुठे? मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगटांच्या संदर्भ केंद्राच्या रूपात सुरू झाली. आज रक्ताचे आनुवंशिक आजार, हिमोफिलिया आणि रक्त गोठण्याचे दुर्मीळ आजार यांवर देशात ज्या मोजक्या ठिकाणी खोलात काम होतं, त्यांत तिचं नाव आहे. केईएमच्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर तिचा पत्ता. तेरावा घटक शोधायला तेरावा मजला, एवढं लक्षात राहायला सोपं.

तुमच्यापैकी कितीतरी जणींची बहीण, नणंद, भाऊ उपनगरात राहतात. गावाहून पेशंट आला की तो आधी घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या एका खोलीतच उतरतो. तेव्हा वाटही सांगून ठेवतो. समजा तुम्ही मुलुंड किंवा घाटकोपरला उतरलात, तर मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने सरळ परळ. अंधेरी किंवा बोरिवलीला असाल तर पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने प्रभादेवी, ज्याला जुनी माणसं अजून एल्फिन्स्टन म्हणतात, आणि पादचारी पुलावरून पलीकडे परळ. परळच्या पूर्वेला बाहेर पडलात की केईएम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लहान मुलांचं वाडिया रुग्णालयही तिथेच शेजारी. थेट तेराव्या मजल्यावर जाऊन उभं राहू नका. आधी केसपेपर काढून ओपीडीत डॉक्टरांना दाखवायचं, त्यांनी चिठ्ठी दिली की तपासणी. घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, मुलुंडचं अग्रवाल या पालिकेच्या रुग्णालयांतूनही पुढे पाठवण्याची चिठ्ठी घेता येते. बोरिवली पूर्वेला लहान मुलांच्या थॅलेसेमिया आणि रक्ताच्या इतर आजारांसाठी पालिकेचं वेगळं केंद्र आहे. मूल लहान असेल आणि नातेवाईक त्या बाजूला असतील तर तिथे आधी विचारलेलं बरं, परळची चक्कर वाचली तर वाचली.

गावातून रक्ताची बाटली एसटीने पाठवून देऊ, असं काही जण म्हणतात. गोठण्याच्या तपासण्यांचं रक्त काही तासांत, नीट सांभाळून प्रयोगशाळेत पोचावं लागतं. गाडीच्या उन्हात तापलेल्या बाटलीवरून आलेला रिपोर्ट काय कामाचा? म्हणून मुलालाच घेऊन जा. सोबत जुने सगळे कागद न्या, 'नॉर्मल' आलेलेसुद्धा. कधी, कुठून, किती वेळ रक्त गेलं आणि थांबून परत सुरू झालं का, हे वहीच्या एका पानावर लिहून न्या. ओपीडीत डॉक्टरांना वेळ थोडा असतो, ते पान बोलतं.

आता उपचार. इथे निसर्गाने थोडी दया दाखवली आहे, दोन प्रकारे. एक म्हणजे फॅक्टर थर्टीन फार थोडा लागतो. निरोगी माणसाच्या शंभर भागांपैकी चार-पाच भाग जरी रक्तात राहिले तरी मोठे रक्तस्राव पुष्कळ टळतात. दुसरं म्हणजे बाहेरून दिलेला घटक टिकतो. हिमोफिलियात दिलेला आठवा घटक अर्ध्या दिवसात निम्मा होतो, म्हणून ती इंजेक्शनं आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावी लागतात. फॅक्टर थर्टीन निम्मा व्हायला नऊ ते चौदा दिवस लागतात. म्हणून तीन-चार आठवड्यांतून एकदा दिला तरी पुरतो. महिन्याची पाळी, महिन्याची गटाची बैठक आणि महिन्याचं हे औषध, असा मेळ बसवता येतो.

या घटकाचं शुद्ध औषध बाटलीत मिळतं, रक्तापासून केलेलं आणि प्रयोगशाळेत बनवलेलं, असं दोन प्रकारचं. ते महाग आहे आणि आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी हाताशी नसतं. पण त्याच्याशिवाय अडून बसत नाही. रक्तपेढीत मिळणारं क्रायोप्रेसिपिटेट, ज्याला सगळे नुसतं 'क्रायो' म्हणतात, त्यात हा घटक असतो. ते कसं निघतं ते ऐका. दान केलेल्या रक्तातला पिवळसर पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा. तो गोठवून बर्फ करतात आणि थंडीतच हळूहळू वितळवतात. तळाशी पांढरट गाळ राहतो, तोच क्रायो. हा गाळ फेकण्याचा नसून गोठवणाऱ्या घटकांनी भरलेला आहे, हे १९६४ साली अमेरिकेतल्या ज्युडिथ पूल या बाईंनी दाखवलं. तोवर रक्तस्रावाच्या रुग्णांना पिशव्याच्या पिशव्या रक्त चढवावं लागे. थोड्याशा गाळात काम भागू लागलं. शास्त्रज्ञांच्या यादीत हे नाव फारसं कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो.

लहान मुलाला क्रायोच्या एक-दोन पिशव्याही पुरतात. किती द्यायच्या ते वजन पाहून डॉक्टर ठरवतात. क्रायो नसेल तिथे गोठवलेला प्लाझ्मा, ज्याला एफएफपी म्हणतात, तो देता येतो. तो जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढीत मिळतो, आणि अडचणीच्या वेळी मुंबई गाठण्याआधी तोच उपयोगी पडतो. दान केलेल्या प्रत्येक रक्ताची एचआयव्ही, दोन्ही काविळी म्हणजे बी आणि सी, गुप्तरोग आणि हिवताप यांची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. तरीही ज्याला आयुष्यभर रक्ताचे घटक घ्यायचे आहेत त्याला कावीळ बी ची लस पूर्ण दिलेली असलीच पाहिजे. क्रायो देताना कधी अंगावर पित्त उठतं, थंडी भरते. तसं झालं की लगेच नर्सताईला सांगायचं.

क्रायो काही कारखान्यात बनत नाही, कोणीतरी दंडातून रक्त दिलेलं असतं. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. गटाने वर्षातून एक शिबिर घ्यायचं असेल तर ते मे महिन्यात घ्या, असं आमचं मत आहे. दात्यांसाठी सावली आणि सरबत मात्र भरपूर ठेवा.

दिवस राहिलेल्या बाईचा उपचार वेगळा. आजार माहीत असेल तर दिवस गेल्याचं कळताच, पाचव्या-सहाव्या आठवड्यातच, फॅक्टर थर्टीन सुरू करावा लागतो आणि तो बाळंतपणापर्यंत चालू ठेवावा लागतो, नेहमीपेक्षा जवळजवळच्या अंतराने. पाळी चुकून दोन महिने झाल्यावर दवाखान्यात जाण्याची आपली सवय इथे चालत नाही. असा उपचार वेळेवर मिळालेल्या बायकांनी पूर्ण दिवसांची बाळं जन्माला घातली आहेत, आणि हे डॉक्टरांना काही दशकांपासून माहीत आहे. बाळंतपण मात्र रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच, तारीख आधी ठरवून.

हा आजार येतो कुठून? आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन सदोष जनुक एकाच बाळात आले तर. सिकलसेलची माहिती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे लगेच समजेल. आई-वडील दोघंही धडधाकट असतात, फक्त वाहक असतात. त्यांच्या प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळ होण्याची शक्यता चारात एक. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतात असा त्याचा अर्थ नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते. एकाच घराण्यातला जनुक दोघांकडेही असण्याची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते. मामाच्या मुलीवर, आत्याच्या मुलावर हक्क सांगणारी आपली रीत जुनी आहे आणि तिच्यात मायाही आहे. पण ज्या घरात बेंबीच्या रक्ताने एखादं बाळ गेलेलं आहे, त्या घरात तरी पुन्हा आपसात सोयरीक करू नये, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. दोष सुनेचा नसतो. शास्त्र अर्धा वाटा नवऱ्याकडचा मानतं, आणि तोही त्याने मागून घेतलेला नसतो. एका मुलात आजार निघाला की त्याच्या सगळ्या भावंडांची तपासणी करून घ्या, अगदी काही त्रास नसला तरी. कुटुंबातला जनुकाचा नेमका दोष आधी शोधून ठेवला असेल तर पुढच्या गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांतच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते.

रोजच्या जगण्यातल्या काही गोष्टी. ताप, अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो, पॅरासिटामॉल चालतं. गावच्या डॉक्टरकडे गेलं की कमरेत सुई टोचून घेण्याची आपल्याला हौस असते. या मुलांच्या स्नायूत सुई नको, गोळी किंवा पातळ औषध मागा. लसी मात्र चुकवायच्या नाहीत. महिन्याचा डोस घेतल्यावर लगेचच्या दिवसांत लस घ्यायची, बारीक सुईने, आणि टोचल्यावर जागा न चोळता दहा मिनिटं दाबून धरायची. कान टोचणं, सुंता, गोंदण, दात काढणं, कुठलीही शस्त्रक्रिया, यातलं काहीही डोस दिल्याशिवाय नाही. तोंडातल्या रक्तस्रावाला आणि पाळीच्या जास्त रक्ताला ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या उपयोगी पडतात, डॉक्टरांना विचारून. खरचटलं तर स्वच्छ कपड्याने दाबून धरायचं. हळद, राख, चुना, शेण काही भरायचं नाही, आणि तान्ह्या बाळाच्या बेंबीत तर मुळीच नाही. त्यातून धनुर्वात होतो. शाळा सोडायची नाही. धावणं, पोहणं चालेल, पण डोक्याला मार बसेल असे खेळ टाळायचे.

आधार कोणाचा? हिमोफिलिया फेडरेशन ऑफ इंडिया ही रुग्णांची आणि पालकांची संघटना १९८३ पासून काम करते. तिची मुंबईत शाखा आहे, आणि नावात हिमोफिलिया असलं तरी इतर घटकांच्या रुग्णांनाही तिथे मार्ग सांगतात. राज्य सरकारने ठाणे, नाशिक, सातारा, अमरावती इथल्या सरकारी रुग्णालयांत हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डे-केअर केंद्रं सुरू केली आहेत. तिथल्या डॉक्टरांना फॅक्टर हा शब्द नवा नाही, तेव्हा मुंबईबाहेरच्यांनी आधी तिथे चौकशी करायला हरकत नाही. खर्चाचा प्रश्न आला तर प्रत्येक मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा अधिकारी असतात, त्यांच्या टेबलाशी जाऊन बसा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा.

आणि एक कार्ड करून घ्या. जाड कागदाचं, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावलेलं. त्यावर मुलाचं नाव, रक्तगट, घरचा फोन आणि पुढच्या ओळी: फॅक्टर थर्टीनची तीव्र कमतरता. पीटी आणि एपीटीटी नॉर्मल येतील. डोक्याला मार लागला असेल तर फोटो काढायची वाट न पाहता आधी क्रायो किंवा प्लाझ्मा द्या. स्नायूत इंजेक्शन देऊ नका. खाली उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि शिक्का. एक कार्ड मुलाच्या दप्तरात, एक शाळेच्या बाईंकडे, एक घरात दाराजवळच्या खिळ्याला.